श्रीलंकेस जाण्यापूर्वी

नकाशावर पाहिले असता श्रीलंका हे फारसे मोठे बेट वाटत नाही. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४३० किलोमीटर, अधिकात अधिक रुंदी सव्वादोनशे किलोमीटर आणि क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे. आठ-दहा दिवसांत सारे बेट पाहून होईल, असा हिशेब प्रवासी घरी बसूनच करतो. भारतीय प्रवाशाला तर आणखी एक भरवसा असतो. तेथे गेल्यावर घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत, वाहने डाव्या बाजूनेच धावतात, ताटात भात असतो आणि देवळाबाहेर चपला काढण्याची सवय त्याला लहानपणापासूनची असते. हे सारे आपल्यासारखेच आहे असे तो मानतो आणि येथेच त्याचा घोटाळा होतो. दूरदेशीचा पाहुणा चौकशी करून, बिचकत पाऊल टाकतो. शेजारचा पाहुणा न विचारताच आत शिरतो. पुढील सूचना मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशासाठी आहेत.

श्रीलंकेत काय पाहावे हा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न केव्हा जावे हा होय. आणि त्याचे उत्तर साऱ्या बेटासाठी एक नसते. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सहा ते दहा अंशांच्या दरम्यान आहे. त्यामुळे थंडी व उन्हाळा असे वर्षाचे ठळक भाग तेथे पडत नाहीत. दिवस आणि रात्र बारमाही जवळजवळ सारखीच असतात. वर्षाचे भाग पाडतो तो पाऊस. मे ते सप्टेंबर ह्या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे येतात आणि बेटाच्या मध्यभागी असलेल्या डोंगरांना धडकतात. ह्या डोंगरांतील सर्वोच्च शिखर पिदुरुतलागल २,५२४ मीटर उंच आहे. पश्चिमेकडील उतारांवर वर्षाकाठी काही ठिकाणी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच काळात डोंगराच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, आकाश निरभ्र असते आणि ‘कच्चान’ नावाचा कोरडा, उष्ण वारा वाहत असतो. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि देशावर कोरडे ढग, हे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. नवे आहे ते पुढचे. डिसेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत वारे उलट फिरतात, ईशान्येकडून येतात आणि आतापर्यंत कोरड्या राहिलेल्या पूर्व व उत्तर भागांना पाऊस देतात. तेव्हा नैर्ऋत्य किनारा मोकळा असतो. मधल्या दोन संधिकालांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर गडगडाटासह सरी कोसळतात. वर्षातील कोणत्याही दिवशी बेटाची एक बाजू प्रवासाला बरी असते. मात्र ती कोणती, हे ठाऊक असावे लागते.

शेतकऱ्याचे वर्षही ह्याच दोन पावसांनी विभागलेले आहे. ईशान्य पावसावरचा हंगाम ‘महा’ आणि नैर्ऋत्य पावसाच्या काळातला ‘यल’. प्रवाशाने ही दोन नावे लक्षात ठेवली तर त्याला कार्यक्रम आखताना पर्यटन कचेरीच्या पत्रकापेक्षा त्यांचाच अधिक उपयोग होईल.

पावसाचा हा विषय केवळ छत्री घ्यावी की नाही एवढ्यापुरता नाही. सर्वांत आधी तो समुद्राशी निगडित आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील हिक्कडुव, उनवटुन, मिरिस्स ह्या जागा डिसेंबर ते मार्च ह्या काळात स्नानास योग्य असतात. मे उजाडला की तेच पाणी खवळते आणि नारळींच्या खालची तीच सुंदर वाळू धोक्याची होते. त्रिंकोमालीजवळचे निलावेली आणि पासिकुडा ह्यांचे उलट. तेथे मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम आणि वर्षअखेर वाईट. ज्याला सुटी मे महिन्यातच मिळते त्याने गॉलचा किल्ला अवश्य पाहावा, पण समुद्रस्नानासाठी पूर्वेकडे जावे.

बुडून मरणाऱ्यांत पोहता येणारेही असतात, ह्याचे कारण परतीचा प्रवाह. लाटा किनाऱ्यावर फुटून जे पाणी साचते ते एखाद्या अरुंद वाटेने वेगाने पुन्हा खोल समुद्राकडे वाहू लागते. जेथे ही वाट असते तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या रोखाने झुंजू नये. त्यात दम जातो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडावे. लाल निशाण लावलेले असेल तेथे पाण्यात उतरू नये. आपल्याकडील मंडळी अंगभर कपड्यांनिशी, हातात हात घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात. भिजलेली साडी किंवा पँट प्रवाहात किती ओढते ह्याची त्यांना कल्पना नसते. खाड्या, नद्या व जुने तलाव ह्यांत कोठे कोठे मगरी आहेत, म्हणून गावकरी जेथे आंघोळ करतात तेथेच आणि त्यांना विचारूनच उतरावे.

२६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीत ह्या देशातील तीस हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. पेरलिय येथे किनाऱ्यालगत धावणारी ‘समुद्रदेवी’ ही आगगाडी लाटेखाली सापडली आणि तिच्यातील व तिच्या आश्रयाला आलेली हजाराहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावर आज पाहुण्यांची गर्दी असते. समुद्र अकस्मात मागे हटून तळ उघडा पडला किंवा किनाऱ्यावर भूकंपाचा जोरदार हादरा बसला, तर पाहत न राहता उंच जागी जावे, आणि पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली येऊ नये. निवासस्थानापासून उंचवट्याकडे जाणारी वाट पहिल्याच दिवशी पाहून ठेवण्यास पाच मिनिटे पुरतात.

समुद्राखालोखाल पावसाची सत्ता डोंगरावर आहे. कोलंबोहून कँडीपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचली आणि बदुल्लपर्यंत १९२४ मध्ये. रुळांची रुंदी भारतातील मोठ्या मार्गाइतकीच, साडेपाच फूट. चहाच्या मळ्यांतून, बोगद्यांतून आणि एल्लजवळच्या नऊ कमानींच्या पुलावरून जाणारा हा प्रवास ज्याने सावकाश केला तो श्रीलंकेचा डोंगरी भाग समजून आला असे म्हणावयास हरकत नाही. राखीव जागांसाठी सुमारे महिनाभर आधीच खटपट करावी लागते. त्या न मिळाल्यास दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाच्या बिनराखीव डब्यात गावकऱ्यांबरोबर उभे राहून जाता येते, आणि संभाषण तेथेच अधिक होते. छायाचित्रासाठी दारातून बाहेर लोंबकळण्याची एक साथ अलीकडे आली आहे. बोगद्याची भिंत व सिग्नलचे खांब डब्याच्या फार जवळून जातात, आणि ह्या हौसेपायी माणसे प्राणांस मुकली आहेत.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने ह्या बेटाला फार मोठा तडाखा दिला. डोंगराळ जिल्ह्यांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, शेकडो माणसे दगावली, घरे गेली, रस्ते आणि लोहमार्ग तुटले. म्हणून डोंगरात निघण्यापूर्वी गाडी प्रत्यक्षात कोठपर्यंत धावते आणि रस्ता कोठपर्यंत खुला आहे, ह्याची त्या त्या दिवशी चौकशी करावी. तेथील राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था दरडींविषयी तीन पायऱ्यांचे इशारे देते : पिवळा म्हणजे सावध, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे जागा सोडा. केशरी इशारा असलेल्या उतारावरील निवासस्थान, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी, सोडून द्यावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने बंगालच्या उपसागरातील वादळांचे असतात. त्या दिवसांत जाणाऱ्याने एक-दोन दिवस मोकळे हाताशी ठेवावेत.

उष्ण कटिबंधातील देश म्हणून केवळ सुती कपडे घेऊन गेलेला प्रवासी नुवर एलिय येथे रात्रभर कुडकुडतो. १,८६८ मीटर उंचीवरच्या ह्या गावी जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे गवतावर हिमकण दिसल्याचे दाखले आहेत. एक लोकरी स्वेटर आणि पावसात टिकणारे एक जाकीट पुरेसे होते. होर्टन पठारावरील ‘जगाचा शेवट’ म्हणून प्रसिद्ध असलेला कडा पाहावयाचा तर सकाळी लवकर पोचावे. दिवस वर येताच दरीतून धुके चढते आणि मग पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. श्रीपाद पर्वत २,२४३ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरील पाऊलखूण बौद्धांना बुद्धाची, हिंदूंना शिवाची आणि मुसलमानांना आदमची वाटते. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत यात्रेचा काळ असतो. तेव्हा रात्रभर पायऱ्यांवर दिवे असतात आणि चहाची दुकाने उघडी असतात. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर चढू लागून सूर्योदयाला माथा गाठतात. इतर महिन्यांत हीच वाट अंधारी, निसरडी आणि निर्जन असते.

सिंहराजसारख्या ओल्या अरण्यात जळवांची तयारी हवी. पँटचे टोक मोज्यात खोचावे, मोज्यांना साबण चोळावा. चिकटलेली जळू ओढून तोडू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सरकवले की सुटते. जळू त्रासदायक असली तरी घातक नाही. साप मात्र घातक आहेत. घोणस तेथे विपुल असून शेताच्या बांधावर संध्याकाळी तिच्यावर पाय पडण्याचा संभव असतो. विजेरी आणि बंद बूट ह्यांपेक्षा चांगला उपाय नाही. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे हे प्रकार न करता अवयव हलू न देता रुग्णालय गाठावे. १९९० हा रुग्णवाहिकेचा दूरध्वनी क्रमांक आहे. ही ‘सुव सेरिय’ सेवा २०१६ मध्ये भारताच्या साहाय्याने सुरू झाली व ती विनामूल्य आहे. पोलिसांसाठी ११९ आणि पर्यटक पोलिसांसाठी १९१२ हे क्रमांक वहीत टिपून ठेवावेत.

डोंगर उतरून उत्तरेस गेले की कोरडा प्रदेश लागतो. श्रीलंकेची जुनी संस्कृती उभी राहिली ती ह्या कोरड्या प्रदेशात, पावसाच्या नव्हे तर साठवलेल्या पाण्याच्या बळावर. पाचव्या शतकात धातुसेनाने कलावेव तलाव बांधला आणि त्याचे पाणी सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या कालव्याने अनुराधपुराकडे नेले. ह्या कालव्याचा उतार आरंभीच्या भागात मैलाला जेमतेम सहा इंच आहे असे सांगतात. बाराव्या शतकात, ११५३ ते ११८६ पर्यंत राज्य केलेल्या पहिल्या पराक्रमबाहूने पोलोन्नरुव येथे ‘पराक्रमसमुद्र’ निर्माण केला. बहुतेक प्रवासी स्तूप व मूर्ती पाहून परततात आणि तलावाकडे पाठ करून चहा पितात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उलट व्हावयास हवे. आधी बांधावर उभे राहून ते पाणी आणि त्याखालची हिरवी शेती पाहावी, म्हणजे इतकी मोठी नगरे ह्या रुक्ष भूमीत कशी वसली हे उमगते.

(मराठी वाचकासाठी येथे थोडी भर घालावीशी वाटते. सिंहली ही आर्यभाषाकुळातील भाषा आहे आणि कान उघडे ठेवले तर तिच्यात घरचे शब्द भेटतात. तलाव म्हणजे ‘वेव’, संस्कृतातील वापी. आपली बावही त्याच शब्दाची. भात ‘बत्’, दूध ‘किरि’, ज्यातून आपल्याला खीर मिळाली ते क्षीर. मीठ ‘लुणु’, जे आपल्या लोणच्यात उरले आहे. ताडगुळासारख्या गुळाला ‘हकुरु’ म्हणतात. आधीच्या ‘ह’च्या जागी ‘स’ ठेवून पाहावे, साखर सापडते. — अनुवादक)

ह्या भागात उन्हाचा विचार घड्याळ पाहूनच करावा. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर फिरावे, मधला वेळ सावलीत घालवावा. एप्रिलच्या पूर्वार्धात सूर्य बेटावर नेमका डोक्यावर येतो. स्तूपांच्या दगडी प्रांगणात चपला काढून चालावे लागते आणि दुपारी तो दगड पाय भाजून काढतो. मोजे चालतात, तेव्हा एक जोड पिशवीत असावा. सिगिरियचा सुमारे १,२०० पायऱ्यांचा चढ दार उघडताच सुरू करणे उत्तम. कश्यप राजाने (४७७–४९५) त्या प्रचंड खडकावर राजवाडा वसवला. कड्यावरील चित्रांतील स्त्रिया पाहताना अजिंठ्याची आठवण होते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात तर सिंहलाच्या कथेचेच चित्रण आहे. चित्रांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. खडकाला मोठ्या माश्यांची पोळी आहेत आणि गलबल्याने त्या उठतात. ‘शांत राहा’ ह्या पाट्या शिष्टाचारासाठी नव्हे तर जिवासाठी आहेत.

संध्याकाळ तेथे लांबत नाही. सहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो. हबरणच्या आसपास व दक्षिणेस बुत्तल-कतरगम रस्त्यावर काळोखाबरोबर हत्ती येतात. रात्री सायकलने वा पायी जाऊ नये, आणि वाहन थांबवून हत्तीला केळी वा ऊस देऊ नये. असे लाड झालेले हत्ती पुढे खाण्यासाठी वाहने अडवतात. २०२३ ह्या एका वर्षात श्रीलंकेत साडेचारशेहून अधिक हत्ती मृत्यू पावले आणि हत्तींकडून दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. प्रवाशाला गंमत वाटणारी गोष्ट रस्त्याकाठच्या झोपडीतील कुटुंबाला महागात पडते. हत्तींचे मोठे कळप पाहावयाचे तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियच्या तलावाकाठी, पाणी ओसरून कोवळे गवत उगवते तेव्हा, राखीव उद्यानात जाऊन पाहावेत. यल उद्यानाचा मुख्य विभाग बहुधा सप्टेंबरात काही आठवडे बंद असतो.

आता रीतिभातींविषयी, आणि येथे भारतीय माणसाने अधिक लक्ष द्यावे. देवळात मूर्तीशी आपण मोकळेपणाने वागतो. तिच्याशेजारी उभे राहतो, छायाचित्र काढतो. बौद्ध विहारात मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा अपमान समजला जातो. २०१२ मध्ये मूर्तीशी सलगी केल्याची छायाचित्रे काढल्याबद्दल तीन फ्रेंच प्रवाशांना तेथील न्यायालयाने शिक्षा सुनावली व ती स्थगित ठेवली. २०१४ मध्ये दंडावर बुद्धप्रतिमा गोंदलेल्या एका ब्रिटिश स्त्रीला देशाबाहेर पाठविण्यात आले. बुद्धाचे चित्र असलेला सदरा घालून जाणे म्हणूनच टाळावे. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी, शक्य तर पांढरे वा फिके वस्त्र असावे. बसमध्ये पुढील आसने भिक्षूंसाठी राखून ठेवलेली असतात. स्त्रियांनी भिक्षूच्या हातात थेट वस्तू देऊ नये, समोर ठेवावी.

प्रत्येक पौर्णिमा ही ‘पोय’ची सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद, मांसाची दुकाने बंद, कचेऱ्या बंद. १९६६ ते १९७१ ह्या काळात तर रविवार रद्द करून आठवड्याची सुटी चंद्रकलेप्रमाणे देण्यात येत असे. मे महिन्यातील वेसक पौर्णिमेस रस्तोरस्ती कंदील लागतात आणि ‘दन्सल’ मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण वा सरबत दिले जाते. तेथे थांबून घ्यावे. नाकारणे बरे दिसत नाही, आणि पैसे देऊ करणे त्याहून वाईट. १३-१४ एप्रिलच्या नववर्षाला कोलंबो ओस पडते, बसगाड्या गावाकडे भरभरून जातात आणि पुढील काही दिवस उपाहारगृहेसुद्धा उघडत नाहीत.

रामायणातील स्थळे पाहण्यासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नुवर एलियजवळ सीता एलिय येथे सीतेचे मंदिर आहे. तथापि अनेक सिंहली लोकांच्या मनातील रावण हा विद्वान व पराक्रमी राजा आहे. २०१९ मध्ये ह्या देशाच्या पहिल्या उपग्रहाला ‘रावण-१’ असे नाव देण्यात आले. तेव्हा रावणावरून थट्टा करण्यापूर्वी समोर कोण आहे हे पाहावे. भाषेचेही तसेच. सिंहली माणसाला ‘आयुबोवन’ म्हणावे. अर्थ आयुष्मान हो असाच. आभाराला ‘स्तुति’. मात्र जाफना वा बट्टिकलोआ येथे तमिळ भाषकाला ‘वणक्कम’ हेच म्हणणे योग्य. वयाने मोठ्या स्त्रीला अक्का, पुरुषाला अय्या, धाकट्यांना नंगी व मल्ली म्हटले की बोलणे सोपे होते. १९८३ ते २००९ पर्यंत चाललेल्या युद्धाविषयी प्रवाशाने आपणहून विचारू नये. ज्याला सांगावेसे वाटेल तो सांगतो. उत्तरेत सुरुंग काढण्याचे काम बरेचसे झाले असले तरी पुरे झालेले नाही. कवटीचे चिन्ह असलेली पाटी दिसताच मागे फिरावे, आणि पडक्या घरांत शिरू नये.

शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा : ‘उंबलकड’. मालदीवकडील मासा वाळवून केलेला हा लाकडासारखा कडक पदार्थ कुटून नारळाच्या सांबोलात व पुष्कळदा भाज्यांतही घालतात, आणि तो मसाल्यासारखा मानला जात असल्यामुळे ‘ह्यात मासा नाही’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो. ‘एलवलु वितरयि’, म्हणजे केवळ भाज्या, असे म्हणून शिवाय उंबलकड नको हे स्पष्ट सांगावे. तमिळ मंडळींच्या शैव उपाहारगृहांत ही अडचण नसते. एरवी खाणाऱ्याची चैन आहे. तांदळाच्या पिठाची आप्पे (ही आपल्या आप्प्यांहून निराळी, वाटीसारखी व काठाला कुरकुरीत), शेवयांसारखे इंदिआप्प, फणसाची आमटी आणि म्हशीच्या दुधाचे मडक्यातील दही, वर कितूल माडाचा काकवीसारखा पाक. भात आणि कालवणे दुपारी ताजी असतात, म्हणून मुख्य जेवण दुपारीच घ्यावे. तहानेला नारिंगी ‘तंबिलि’ शहाळे, तुमच्या देखत फोडलेले.

पैशाविषयी थोडक्यात. भारतीय रुपया आणि श्रीलंकेचा रुपया ही दोन वेगळी चलने आहेत. बँकेतून वा अधिकृत दुकानातून बदलून घ्यावेत आणि पावती जपावी. प्रवासाचा परवाना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळतो. त्याचे नियम व शुल्क अलीकडे अनेकदा बदलले असल्याने सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी, मधल्या दलालांकडे नव्हे. प्राचीन स्थळांवर परदेशी पाहुण्यांना मोठे शुल्क असते, पण सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी निम्मी सवलत मिळते. पासपोर्ट जवळ हवा. तीनचाकी रिक्षाचे भाडे आधी ठरवावे. घासाघीस करावी, पण २०२२ मध्ये ह्या देशाचे दिवाळे निघाले, इंधनासाठी माणसे दिवसदिवस रांगेत उभी राहिली, हे विसरून करू नये. दहा-वीस रुपयांवरून रिक्षावाल्याशी भांडण्यात काही शौर्य नाही. अंतर किलोमीटरांत मोजू नये, तासांत मोजावे : कोलंबो ते कँडी सव्वाशे किलोमीटरही नाही, पण रस्त्याने तीन-चार तास सहज जातात. गॉलकडील द्रुतगती मार्ग, २०११ मध्ये सुरू झालेला, हा अपवाद.

शेवटी प्रकृती. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. आता तेथे हिवताप जातो तो बाहेरून, आणि त्यात भारतातून गेलेल्यांचाही वाटा असतो. म्हणून हिवतापाच्या भागातून गेलेल्याला तेथे ताप आल्यास डॉक्टरांना आपण कोठून आलो हे न विचारता सांगावे. डेंग्यू मात्र आहेच. २०१७ मध्ये १,८६,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. लांब बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावण्याचे औषध हवे. ताप असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घेऊन रक्ततपासणी करावी. पायाला जखम असेल तर शेतातील चिखलात व पुराच्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोचा ताप त्यातूनच होतो. कुत्रा वा माकड चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी लस घेण्यास जावे. घरी परतल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, तर सामान आवरण्याआधी डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या गावी, कोणत्या तारखांना होतो ते लिहून न्यावे.